पाच वजा दोन कंसात क्ष वजा तीन

नववीला बीजगणित शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती, तेव्हा मी पहिल्यांदा वर्गाचे गट पाडले. वर्गात ४३ मुलं. मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवते न ठेवते तोच सात-आठ जणांची उत्तरं तयार असायची. जवळपास तेवढीच मुलं ऋण संख्या आली की पेन्सिल उचलून थांबायची. मधली सगळी फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायची, अगदी नीट, समास आखून. शिक्षकखोलीत येऊन बसले की मला कळायचं नाही, आजचा तास नेमका कोणासाठी झाला.

मग सुट्टीत बसून मी तीन प्रकारच्या सरावपत्रिका तयार केल्या. अ, ब आणि क. आदल्या वर्षीच्या गुणांची यादी समोर घेतली, दोन ठिकाणी रेघ मारली आणि मुलं वाटून टाकली. अ गटाला अवघड उदाहरणं, ब गटाला मधली, क गटाला सोपी. सोपी म्हणजे क्ष + ४ = ९ अशी, पण वीस. खूप मेहनत घेतली होती, त्यामुळे पहिले दोन आठवडे सगळं बरं चाललंय असंच वाटत राहिलं. नंतर दिसायला लागलं. क गटातली एक मुलगी पत्रिका हातात पडताच ती वहीखाली सरकवायची आणि शेजारणीची ब गटाची पत्रिका बघत बसायची. गटांना मी साधी अक्षरं दिली होती, पण मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचा अर्थ लावला होता: हुशार, मध्यम, ढ. तो शब्द मी वर्गात कधीही उच्चारला नव्हता. पत्रिका मात्र रोज तेच सांगत होत्या.

त्याच महिन्यात मी काड्यांचा एक प्रश्न सगळ्या वर्गाला एकत्र दिला. काड्यांचे चौकोन एका ओळीत जोडत न्यायचे, शेजारच्या दोन चौकोनांत एक काडी सामाईक. १०० चौकोनांना किती काड्या लागतील? अ गटातल्या बऱ्याच जणांनी ४०० लिहिलं. पत्रिका लपवणारी ती मुलगी म्हणाली, "बाई, पहिल्याला चार. मग दरवेळी तीनच लागतात, एक बाजू आधीच असते." मी विचारलं, "आणि कितीही चौकोन असले तर?" तिने थोडा विचार केला. "जितके चौकोन, त्याच्या तिप्पट. वर एक." ३न + १ ही राशी तिने तोंडी मांडली होती, आणि मी तिला रोज क्ष + ४ = ९ सोडवायला देत होते. तिचे गुण गेले होते ते अपूर्णांकांत आणि ऋण चिन्हांत. बीजगणितात नव्हे.

उलट बाजूने मला हादरवलं ते अ गटातल्या एका मुलाने. समीकरण दिसलं की तो पदं झपाझप इकडची तिकडे न्यायचा, चिन्हं बदलायचा, उत्तर बरोबर. एकदा मी २क्ष + ३ = २क्ष + ७ दिलं. त्याने सवयीने पदं हलवली, ० = ४ आलं, आणि खाली लिहिलं: क्ष = ४. मी म्हटलं, "४ ठेवून बघ." त्याने ठेवून पाहिलं. एकीकडे ११, दुसरीकडे १५. "बाई, गणित चुकीचं छापलंय," तो म्हणाला. पलीकडे नेताना चिन्ह का बदलतं, हे मी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "नियम आहे." तो नियम त्याला मीच दिला होता.

या दोघांनी मिळून माझी पत्रिकांची तीन बाडं कपाटात बंद करायला लावली.

मग नव्याने सुरुवात केली ती एका चिठ्ठीने. सहा प्रश्न, १५ मिनिटं, गुण नाहीत. प्रत्येक प्रश्न एकच गोष्ट तपासणारा, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते दिसेल असा. पहिला प्रश्न होता ७ + ६ = □ + ४. नववीच्या मुलांना हे द्यायला मला संकोच वाटला होता. पण नऊ जणांनी चौकटीत १३ लिहिलं आणि दोघांनी १७. म्हणजे या ११ मुलांसाठी समान चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी खूण होती. डावीकडचं आणि उजवीकडचं वजन सारखं आहे, हे ते चिन्ह त्यांना सांगतच नव्हतं. ज्याला ते ऐकू येत नाही त्याला समीकरण सोडवणं म्हणजे चिन्हांची हमालीच.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते चौथ्या प्रश्नाने: ५ − २(क्ष − ३) याला सोपं रूप द्या. बरोबर उत्तर ११ − २क्ष. त्या दिवशीपर्यंत मी असं उत्तर तपासताना बरोबरची खूण किंवा फुली मारून पुढे जात असे. यावेळी फुली मारायचीच नाही असं ठरवलं होतं, म्हणून घरी चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या आणि सारखी उत्तरं एकावर एक ठेवत गेले. काही चिठ्ठ्यांवर −१ − २क्ष होतं: दोनाने दोन्ही पदांना गुणलं, पण कंसाबाहेरच्या वजाने आतला वजा उलटवला नाही. काहींवर ३क्ष − ९: पाचातून दोन आधीच काढून टाकले. काहींवर २ − २क्ष: दोन फक्त क्ष ला भेटला, तीनपर्यंत पोचलाच नाही. आणि काहींवर ९क्ष. ती मुलं ११ − २क्ष पर्यंत व्यवस्थित आली होती, पण वजाचं चिन्ह मध्ये लटकलेलं असताना 'उत्तर' झालं असं त्यांना वाटेना, म्हणून त्यांनी ते मिटवून टाकलं. एका फुलीखाली चार निरनिराळी कारणं होती. गुणांच्या यादीत या सगळ्यांना शून्य. माझ्या पत्रिकांनी त्या सगळ्यांना आणखी वीस सोपी उदाहरणं दिली असती.

शेवटचा प्रश्न शाब्दिक होता. एका शाळेत प्रत्येक शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत, तर विद्यार्थ्यांची संख्या वि आणि शिक्षकांची संख्या शि धरून समीकरण लिहा. निम्म्याहून अधिक वर्गाने ३०वि = शि लिहिलं, आणि त्यात माझी ती सात-आठ हुशार मुलं सगळी होती. वाक्यात ३० आणि विद्यार्थी जवळजवळ आले, तसेच ते समीकरणात आले. वि म्हणजे विद्यार्थी, म्हणून ३०वि म्हणजे ३० विद्यार्थी. अक्षर हे वस्तूचं लेबल नाही, त्या जागी संख्या बसते, ही समज या प्रश्नापुरती अर्ध्याहून जास्त मुलांकडे नव्हती. म्हणजे इथे गट पाडायचे नव्हते, सगळ्यांना एकत्रच शिकवायचं होतं. मी त्यांना भास्कराचार्यांच्या काळची पद्धत सांगितली. अज्ञात राशींना तेव्हा यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं असत आणि पहिली अक्षरं लिहीत: या, का, नी, पी. का म्हणजे काळी वस्तू नव्हे, का म्हणजे अजून न सापडलेली एक संख्या. मग वि आणि शि च्या जागी मुलांनी खऱ्या संख्या ठेवून पाहिल्या. शि = २ धरला तर वि किती? ६०. मग ३० ने कोणाला गुणायचं? मागच्या बाकावरून एक लांबच लांब "अच्छा" आला.

त्यानंतर मी तासाची घडी बदलली. ४० मिनिटांतली पहिली दहा सगळ्यांची एकत्र, एकाच प्रश्नावर. मधली २० गटांत. शेवटची दहा पुन्हा एकत्र, आणि त्यात प्रत्येक गटाने काहीतरी फळ्यावर आणायचंच. गट फक्त त्या घटकापुरते. ज्या मुलीला कंसात मदत लागायची ती आलेखाच्या वेळी दुसऱ्याच बाकावर असायची. गटांना नावं नाहीत. मी नुसतं म्हणायचे, "आज कंसातला वजा या टेबलावर, तपासणी त्या टेबलावर." मुलांनी याचं भाषांतर करायचा प्रयत्न केला, पण महिनाभरात चौथ्यांदा जागा बदलल्यावर सोडून दिला. झपाझप पदं हलवणारा तो मुलगा तराजूच्या टेबलावर बसला, तेव्हा तर कोणालाच काही अर्थ लावता येईना.

तराजूचं टेबल म्हणजे समान चिन्हाचं. तिथे मी फार काही केलं नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, ते दोन समांतर रेघांचं, कारण त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं, एवढं सांगितलं. मग पदं 'पलीकडे नेणं' हा शब्दप्रयोगच आठवडाभर बंद केला. दोन्ही बाजूंतून ३ काढा, दोन्ही बाजूंना २ ने भागा, असंच बोलायचं आणि प्रत्येक पायरी पूर्ण लिहायची. त्या मुलाला याचा भयंकर कंटाळा आला. पण २क्ष + ३ = २क्ष + ७ पुन्हा दिलं तेव्हा तो म्हणाला, "दोन्हीकडून २क्ष काढले तर ३ आणि ७ उरतात. ते कधीच सारखे होणार नाहीत. क्ष काहीही असू दे." मग त्याने आपणहून विचारलं, असं समीकरण करता येईल का जे क्ष काहीही ठेवलं तरी खरंच राहील? त्याच दिवशी त्याने ४(क्ष + १) = ४क्ष + ४ बनवून आणलं.

आम्ही सर्वांत जास्त रमलो ते वर्गसमीकरणांत. मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून घेतले होते: मोठा चौरस म्हणजे क्ष², लांब पट्टी म्हणजे क्ष, छोटा चौरस म्हणजे १. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस घेऊन एकच आयत बनवायचा. ज्यांना अवयव पाडणं म्हणजे 'दोन संख्या शोधा, गुणाकार ६, बेरीज ५' एवढंच माहीत होतं, त्यांच्या हातात आयत तयार झाला आणि त्याच्या बाजू क्ष + २ आणि क्ष + ३ निघाल्या. मला वाटलं होतं, हे तुकडे कच्च्या मुलांना लागतील. तसं नव्हतं. जी मुलं सूत्राने पटकन उत्तर काढत होती तीच सर्वांत जास्त वेळ तुकड्यांशी खेळत बसली, कारण आपण रोज काय करतो याचा आकार त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

त्याच तुकड्यांवर मी नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाचं उदाहरण दिलं: क्ष² + १०क्ष = ३९. हा एक प्रश्न आम्हाला तीन दिवस पुरला. काही मुलांनी मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंना पाच-पाच पट्ट्या लावल्या, आणि कोपऱ्यात रिकामी राहिलेली जागा भरायला २५ छोटे चौरस लागतात हे मोजून काढलं. ३९ मध्ये २५ मिळवले, ६४ झाले, पूर्ण चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. त्यांनी चिन्हांत एक ओळही लिहिली नव्हती, तरी वर्ग पूर्ण केला होता, अगदी शब्दशः. दुसरी काही मुलं आकृतीच्या शेजारी (क्ष + ५)² = ६४ लिहीत होती आणि आकृतीतली कोणती जागा राशीतलं कोणतं पद आहे ते बाण काढून दाखवत होती. आणि तिसऱ्या टेबलावर एका मुलीने हात वर केला: "बाई, −८ चा वर्गही ६४ असतो. मग क्ष −१३ पण आहे. पण ते तुकड्यांत दिसत नाही." अल-ख्वारिझ्मी फक्त धन उकलीच घेत असे, हे मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि मला तेच हवं होतं.

तिच्या टेबलाला मी पुढच्या दिवशी भास्कराचार्यांचं वानरांचं उदाहरण दिलं. ते ११५० मधल्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा; तेवढे वानर गुहेत गेले आणि एक बाहेर दिसतो आहे. टोळी केवढी? मुलांनी (क्ष/५ − ३)² + १ = क्ष मांडलं आणि क्ष² − ५५क्ष + २५० = ० पर्यंत पोचली. उकली दोन, ५० आणि ५. दोन्ही ठेवून पाहिल्या, दोन्ही बरोबर. मग मी सांगितलं की भास्कराचार्यांनी ५ ही उकल बाजूला ठेवली होती, का ते शोधा. पूर्ण २० मिनिटं त्या टेबलावर वाद चालला. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले तर −२, आणि उणे दोन वानरांचा वर्ग करायचा म्हणजे काय करायचं? पूर्वी याच मुलांना मी 'जास्तीची दहा उदाहरणं' द्यायचे. लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम, हे किती वर्षं केलं मी.

एक चूक मात्र नव्या पद्धतीतही केलीच. ज्यांचं आधी व्हायचं त्यांना मी इतरांना समजावायला पाठवायचे. ते सोयीचं होतं, आणि समजावताना स्वतःलाही उमगतं हे खरंच आहे. पण तेच चार जण दर तासाला उठायला लागले. एका मुलीच्या आईने वहीत चिठ्ठी लिहून पाठवली: ती शाळेत शिकायला येते, तिला काय शिकायला मिळतंय? मला राग आला होता. रात्री कॅटलॉग काढून मोजलं, तर त्या महिन्यात ती नऊ तास दुसऱ्यांच्या बाकावर होती. तेव्हापासून मदतीला जायचं ते आठवड्यातून एकदाच, आणि ते सगळ्यांनी, आपल्याला जे येतं त्यात. काड्यांवाली मुलगी नमुने शोधायच्या तासाला दोन टेबलांवर जाऊन आली. परत आली तेव्हा तिची मान ताठ होती.

कच्च्या टेबलावर मी सोडवलेली उदाहरणं खूप वापरते. १९८५ मध्ये जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणितावरच हे तपासलं होतं: नवख्या मुलांनी नुसती उदाहरणं सोडवत राहण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर त्यांना तशीच पुढची उदाहरणं लवकर जमतात. मी पहिलं उदाहरण पूर्ण देते, दुसऱ्याची शेवटची पायरी रिकामी ठेवते, तिसऱ्याच्या शेवटच्या दोन, असं करत पाचव्याला कोरा कागद. प्रत्येक पायरीशेजारी 'का?' असं लिहिलेलं असतं आणि तिथे एक वाक्य लिहायचं. ज्यांना जमतं त्या मुलांना हेच कागद दिले तर ती वैतागतात, त्यांना त्या पायऱ्यांमधून आपली वाट काढावी लागते. म्हणून तिथे उलट कागद: चुकीचं सोडवलेलं उदाहरण, कुठे चुकलं ते शोधा. त्या चुका मी चिठ्ठ्यांमधूनच घेते, नाव न लिहिता.

परीक्षा सगळ्यांना एकच. यावर मी ठाम आहे. वाट वेगळी आखून दिली म्हणून पोचायचं ठिकाण कोणासाठी जवळ आणलं, तर त्या मुलाला दहावीत ते कळतंच, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण घटक चाचणीत चुकलेला प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा सोडवायची मुभा आहे. आधी आपली चूक कोणती होती ते एका ओळीत लिहायचं, मग नवा प्रश्न. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की वेळ ठरावीक ठेवून शिकणं कमी-जास्त होऊ देण्याऐवजी शिकणं ठरावीक ठेवावं आणि वेळ कमी-जास्त होऊ द्यावा. वाचायला सुंदर आहे. प्रत्यक्षात तो वेळ मधल्या सुट्टीतून आणि माझ्या मोकळ्या तासांतून येतो, आणि दर घटकाला पुरत नाही. एकसामयिक समीकरणांच्या वेळी माझा धीर सुटला. पंधरा दिवस मी सरळ फळ्यावर शिकवलं आणि मुलांनी उतरवून घेतलं. आजही मी गट रोज करत नाही, आठवड्यातले दोन तास करते. बाकीचे दिवस ती पहिली दहा मिनिटं तेवढी सांभाळते.

सगळी मुलं पुढे सरकली असंही नाही. एक मुलगा वर्षभर ज्या टेबलावर होता तिथेच राहिला. मी त्याला कंस शिकवले, तराजू शिकवला, तुकडे दिले. वर्ष संपता संपता मला कळलं की तो प्रश्न नीट वाचूच शकत नव्हता, शब्द जुळवत होता. माझ्या सहा प्रश्नांत वाचनाचा प्रश्न नव्हता. आता आहे: शाब्दिक उदाहरण आधी मोठ्याने वाचायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं, एकेकाने माझ्याजवळ येऊन. त्यात पूर्ण दोन तास जातात. मी ते देते.

या वर्षीच्या चिठ्ठ्या काल रात्री जमिनीवर पसरल्या. चौथ्या प्रश्नाच्या चारही गठ्ठ्यांची ओळख आता इतकी झाली आहे की हात आपोआप चालतो. −१ − २क्ष इकडे, ३क्ष − ९ तिकडे. एका चिठ्ठीपाशी हात थांबला. उत्तर लिहिलं होतं ८ − २क्ष. आधी वाटलं, घाईत चुकलं असेल. मग लक्षात आलं की वजा आणि वजा मिळून अधिक, हे अवघड पाऊल त्याने बरोबर टाकलं आहे आणि दोनाने तीनला गुणायचं सोपं पाऊल वगळलं आहे. की त्याने कंसाबाहेरचा वजा आणि दोन वेगवेगळे धरले, वजा दोघांना दिला आणि दोन फक्त क्ष ला? चिठ्ठीवर खाडाखोड नाही, मधली पायरी नाही. ती चिठ्ठी कुठल्याच गठ्ठ्यात न ठेवता मी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहे. उद्या पहिल्या तासाला तो आला की त्याच्या शेजारी बसून विचारणार आहे, "हे कसं केलंस, मला दाखव."